घरातले मराठी थांबवू नका: प्रवेश परीक्षेच्या इंग्रजी शब्दसंग्रहाविषयी

वाचकाचे पत्र:

आम्ही अमेरिकेत राहतो. मुलगी सातवीत आहे आणि पुढच्या वर्षीच्या शाळाप्रवेशासाठी तिला साडेतीन महिन्यांनी एसएसएटी ही परीक्षा द्यायची आहे. तिच्या शाब्दिक विभागात तीस मिनिटांत 30 समानार्थी शब्दांचे आणि 30 शब्दसंबंधांचे असे एकूण 60 प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराचा पाव गुण वजा होतो. आम्ही एक हजार शब्दांची यादी मिळवली असून मुलगी रोज 30 शब्द पाठ करते. पण रविवारी विचारले, तर निम्म्याहून अधिक शब्द विसरलेली असते आणि पाठ झालेला शब्दही सरावाच्या प्रश्नात आला की गोंधळते. घरी आम्ही मराठी बोलतो. तिची आजी आमच्याकडेच असते आणि आजींना इंग्रजी येत नाही. एका परिचितांच्या मते घरातले मराठी हेच या अडचणीचे मूळ आहे, म्हणून परीक्षा होईपर्यंत घरात केवळ इंग्रजीच बोलावे. गेले दोन आठवडे आम्ही तसे करत आहोत, पण मुलगी आता आजीशी फारशी बोलतच नाही. आमचे चुकते आहे का? आणि यादी सोडून द्यावी का?

— एक आई

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात शब्दसंग्रहाविषयी पुष्कळ आहे, परंतु ज्या वाक्याने मला अस्वस्थ केले ते आजीविषयीचे आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. होय, हा निर्णय चुकला आहे, आणि तो आजच मागे घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. नात्याची बाजू तर उघडच आहे, ती तुम्हांला मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण केवळ परीक्षेच्या दृष्टीने पाहिले तरी या उपायाने हाती काहीही लागणार नाही.

घरात दिवसभर आपण कोणते शब्द वापरतो, हे एकदा आठवून पाहा. जेवायला ये, दप्तर भर, उशीर होतोय, दिवा मालव. हेच इंग्रजीत बोलले, तर मुलीच्या कानावर जे इंग्रजी पडेल ते तिला पहिलीतच येत होते. परीक्षेत विचारले जाणारे शब्द बोलण्यातले नसून लिखाणातले असतात. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा घरांतही ते जेवताना उच्चारले जात नाहीत. त्याउलट मराठीत तुमची मुलगी आजीकडून हट्टी आणि करारी यांतला फरक ऐकते, भिडस्त कोणाला म्हणावे आणि लाजाळू कोणाला हे तिला कळते, एखाद्याचे बोलणे 'लागले' म्हणजे काय झाले हे तिला उमगते. शब्दाच्या मागची ही समज एका भाषेत आली, की दुसऱ्या भाषेत तिला फक्त नवे नाव द्यावे लागते. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांचा अभ्यास करणारे कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी 1979 साली हाच विचार मांडला होता, की दोन्ही भाषा वरून वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी असलेली विचारक्षमता सामायिक असते, आणि एका भाषेत पक्की झालेली संकल्पना दुसरीत पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. मुलीला 'भिडस्त' कळत असेल, तर 'डिफिडंट' हा शब्द तिच्यासाठी निम्मा शिकून झालेला आहे.

आता विसरण्याविषयी. मुलीची स्मरणशक्ती कमी आहे असे कृपा करून समजू नका आणि तिलाही तसे वाटू देऊ नका. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून, अर्थहीन अक्षरसमूह पाठ करून आणि ते किती वेळात विसरतात हे मोजून, 1885 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या मजकुराची सर्वांत मोठी गळती पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एक-दोन दिवसांत होते, आणि तीच उजळणी एकाच बैठकीत करण्याऐवजी दिवसांच्या अंतराने विभागली तर कमी श्रमात अधिक टिकते, हे त्यातून दिसले. तुमच्या मुलीच्या दृष्टीने यादीतले शब्द अर्थहीन अक्षरसमूहांपेक्षा फार वेगळे नाहीत: इकडे एक अनोळखी शब्द, तिकडे त्याची कोरडी व्याख्या, आणि दुसऱ्या दिवशी नवे 30. ती विसरते, कारण अशा रीतीने पाठ केलेले कोणीही विसरते.

दुसरी गोष्ट अशी, की वाचणे आणि आठवणे या दोन निराळ्या कृती आहेत. यादी पुन्हा पुन्हा वाचली की शब्द ओळखीचे वाटू लागतात आणि 'हे मला येते' असा भास होतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी 2006 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. आठवताना जी ओढाताण होते, तीच खरी शिकवणी असते. तेव्हा मुलीची यादी वाचून घेणे थांबवून तिला विचारणे सुरू करा, आणि विचारणाऱ्या व्यक्ती आजी असू द्या.

हे मी नात्याची भरपाई म्हणून सुचवत नाही. ज्या माणसाला इंग्रजी येत नाही, त्याला इंग्रजी शब्द समजावून सांगणे हा मला माहीत असलेला सर्वांत कठोर आणि सर्वांत प्रेमळ सराव आहे. तुम्ही विचारले, तर मुलगी यादीतली व्याख्या म्हणून दाखवील आणि तुम्ही 'बरोबर' म्हणाल. आजींपुढे ती व्याख्या निरुपयोगी आहे. 'रिलक्टंट' म्हणजे काय, हे त्यांना सांगण्यासाठी तिला 'मनाविरुद्ध, आढेवेढे घेत' असे काहीतरी शोधावे लागेल. मग आजी विचारतील, 'म्हणजे आळशी का गं?' आणि तिला सांगावे लागेल, की नाही, आळशी माणसाला काम करायचेच नसते, पण हा करतो, फक्त कचरत करतो. त्या एका प्रश्नाने शब्दाची सीमा तिच्या मनात आखली जाईल, आणि परीक्षेत 'लेझी' आणि 'अनविलिंग' हे दोन पर्याय शेजारी आले तर ती अडखळणार नाही. रोज रात्री पंधरा मिनिटे पुरेत.

शब्दांची संख्या कमी करा. रोज 30 ऐवजी सात नवे शब्द, तेही आठवड्यातून पाच दिवस. शेवटच्या दोन आठवड्यांत नवे काहीही नको. अशा हिशोबाने बारा आठवड्यांत 420 शब्द होतात. हजारांच्या यादीपुढे हा आकडा तुम्हांला तोकडा वाटेल, पण निम्म्याहून अधिक विसरलेल्या हजारांपेक्षा पक्के झालेले चारशे अधिक उपयोगी पडतात, आणि पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे प्रत्येक पक्का शब्द आपली भावंडेही बरोबर आणतो. प्रत्येक शब्दासाठी एक जाड कागदाचे कार्ड करावे. एका बाजूला फक्त शब्द. दुसऱ्या बाजूला तो जिथे भेटला ते वाक्य, मुलीने स्वतः रचलेले एक वाक्य, तिला सुचलेला मराठी शब्द आणि त्या शब्दाचा रंग, म्हणजे तो कौतुकाने वापरतात, निंदेने वापरतात की यांपैकी कशानेच नाही. कार्डांसाठी तीन कप्प्यांची पेटी पुरते. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते आणि रोज विचारले जाते. बरोबर आले की दुसऱ्या कप्प्यात, जिथे तीन दिवसांनी पाळी येते. तिथेही आले की तिसऱ्यात, जिथे आठवड्याने येते. कोणत्याही कप्प्यात चुकले, की कार्ड थेट पहिल्या कप्प्यात परत. ही पद्धत जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांच्या नावाने ओळखली जाते. संगणकावर हेच काम करणारी साधने आहेत, परंतु या वयात कार्ड स्वतःच्या हाताने लिहिण्यातच अर्धा अभ्यास होतो, असे माझे मत आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे उत्तर इतके आवर्जून लिहीत आहे, त्याकडे वळते. तुमच्या परिचितांना जी अडचण वाटते, ती तुमच्या मुलीची मिळकत आहे. विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघालेल्या असाव्यात, असे म्हटले होते, आणि पुढच्या भाषाशास्त्राने ते नाते तपशीलवार सिद्ध केले. इंग्रजीतील अवघड, लिखाणातले शब्द बहुतांशी लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले आहेत; मराठीतील तसेच शब्द संस्कृतमधून आले आहेत. म्हणजे मुलीच्या यादीत तिच्या घरच्या शब्दांची दूरची चुलत भावंडे बसलेली आहेत, आणि त्यांची ओळख अजून कोणी करून दिलेली नाही.

'मॅग्नॅनिमस' हा शब्द घ्या. लॅटिन 'मॅग्नस' म्हणजे मोठा, आपल्या 'महा'चा सगोत्र. 'ॲनिमस' म्हणजे मन, आणि त्याच घराण्यातले 'ॲनिमा' म्हणजे श्वास, प्राण. हे मूळ संस्कृतातील 'अन्', म्हणजे श्वास घेणे, या धातूशी जोडलेले आहे; त्याच धातूपासून आपला 'प्राण' आला आणि 'अनिल'ही आला. मॅग्नॅनिमस म्हणजे ज्याचे मन मोठे आहे तो. 'मोठ्या मनाचा' ही आपल्या रोजच्या बोलण्यातली शब्दयोजना आणि परीक्षेतला तो भारदस्त शब्द, दोन्ही एकाच विचाराने घडले आहेत. हे एकदा कळले, की 'युनॅनिमस' म्हणजे सगळ्यांचे एक मन, एकमताने; 'इक्वॅनिमिटी' म्हणजे मनाचा समतोल, समचित्तता; 'इनॅनिमेट' म्हणजे ज्यात प्राण नाही ते, निर्जीव; आणि 'प्युसिलॅनिमस' म्हणजे ज्याचे मन अगदी इवलेसे आहे तो, भित्रा. पाच शब्द आले आणि पाठांतर एकाचेही झाले नाही. 'ॲनिमॉसिटी' मात्र सावधपणे शिकवावा: तिथे मनातील आवेश वैराकडे वळला आहे.

अशी घराणी पुष्कळ आहेत. 'ज्ञा' हा धातू पाहा: 'इग्नोरंट' या शब्दाची फोड अक्षरशः 'अ-ज्ञ' अशीच होते, आणि 'कॉग्निझंट' म्हणजे ज्याला जाण आहे तो, आपला 'जाण' हा शब्दही 'ज्ञा'पासूनच आलेला आहे. 'इम्मॉर्टल' आणि 'अमर' यांचीही घडण एकच, आधी नकार आणि मग मरण. उपसर्गांत तर हे साम्य डोळ्यांत भरते. मुलीने भूमितीत 'पेरिमीटर' शिकला असेलच. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला 'परिमिती' म्हणतात, आणि 'परि' व 'पेरी' हे सख्खे सगोत्र आहेत. आपला 'सु' ग्रीकमध्ये 'यू' होऊन येतो: 'यूलॉजी' म्हणजे चांगले बोलणे, गौरवपर भाषण, आणि 'यूफेमिझम' म्हणजे कटू गोष्ट सौम्य शब्दांत सांगणे, जसे आपण दिवा विझवला न म्हणता मालवला म्हणतो. आपला 'दुस्' तिकडे 'डिस' होतो, पण तो वाय अक्षराने लिहिलेला, 'डिस्टोपिया'तला. 'डिसॲग्री'मध्ये आय अक्षराने लिहिलेला 'डिस' वेगळा आहे, लॅटिन आहे, हे मुलीला कागदावर लिहून दाखवावे, कारण कानाला ते सारखेच लागतात. दर रविवारी एक घराणे घ्यावे. आठवड्याच्या सात-सात शब्दांच्या कार्डांवर त्या घराण्याची खूण केली, की पेटी आपोआप नात्यांनी भरत जाते.

परंतु व्युत्पत्ती ही वाट दाखवते, अर्थाची हमी देत नाही, आणि प्रश्न काढणाऱ्यांना हे चांगले माहीत असते. 'इन्फेमस' म्हणजे प्रसिद्ध नसलेला असे वाटते, पण तो कुप्रसिद्ध असतो. 'एनर्व्हेट' ऐकून ऊर्जा देणे असा समज होतो, अर्थ मात्र शक्ती हिरावून घेणे असा आहे. 'रेस्टिव्ह' माणूस निवांत नसून अस्वस्थ, चुळबुळणारा असतो. 'इन्व्हॅल्युएबल' हा शब्द मुलांना हमखास चकवतो, पण मराठी मुलाला त्याने चकवू नये: आपण 'अमूल्य' म्हणतो तेव्हा मूल्य नसलेले असा अर्थ कोणी घेत नाही, मूल्य करता येणार नाही इतके मोलाचे असाच घेतो. दोन्ही शब्दांची घडणही तीच आहे आणि वळणही तेच. असे फसवे शब्द सापडले, की त्यांच्या कार्डावर लाल रेघ ओढावी.

समानार्थी शब्दांच्या विभागात मुली-मुलांचे सर्वाधिक गुण अज्ञानापेक्षा अर्धवट ज्ञानाने जातात. सर्व पर्याय एकाच परिसरातले असतात आणि छटा ओळखावी लागते. 'फ्रूगल' आणि 'स्टिंजी' हे दोन्ही कमी खर्च करणाऱ्याचे शब्द आहेत. पहिला काटकसरी, दुसरा कंजूष. आजींना विचारा, काटकसरी सुनेचे आणि चिक्कू माणसाचे वर्णन त्या किती वेगळ्या सुरात करतात ते मुलीला ऐकू द्या. तो सूर म्हणजेच छटा. तसेच 'टिनेशस' म्हणजे चिवट, चिकाटीचा, आणि 'ऑब्स्टिनेट' म्हणजे हटवादी. कार्डावर शब्दाचा रंग लिहा असे मी म्हटले, ते याचसाठी.

शब्दसंबंधांच्या प्रश्नांना लोक उगीच घाबरतात. वाघाची डरकाळी, तशी कोल्ह्याची कोल्हेकुई आणि घोड्याचे खिंकाळणे, हे आपण लहानपणी म्हणत असू, तेव्हा हाच अभ्यास करत होतो. इथे एकच सवय लावावी लागते: पर्यायांकडे पाहण्याआधी दिलेल्या जोडीचे नाते एका नेमक्या वाक्यात मांडणे. समजा, 'ब्रीझ' आणि 'गेल' ही जोडी आहे. 'दोन्ही वाऱ्याचे प्रकार आहेत' असे वाक्य केले, तर 'रेन आणि स्नो' ही जोडीही बरोबर वाटेल, कारण दोन्ही आकाशातून पडतात. 'पहिला मंद असतो आणि त्याचेच जोराचे रूप म्हणजे दुसरा' असे वाक्य केले, की 'ड्रिझल आणि डाउनपोर' हीच जोडी उरते: रिमझिम आणि मुसळधार. वाक्य सैल झाले की उत्तर चुकते. हा सराव मराठी जोड्यांवर करून मग इंग्रजीकडे जावे. नाते पकडण्याची कला भाषेवर अवलंबून नसते.

पाव गुण वजा होण्याची भीती मुलीच्या मनातून काढायला हवी, आणि ती हिशोबाने काढता येते. पाच पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर पाचांत एकदा एक गुण मिळतो आणि चार वेळा पाव-पाव गुण जातो, म्हणजे सरासरी ना नफा ना तोटा. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळले, तर उरलेल्या चारांतून निवडणे सरासरीने थोड्या फायद्याचे ठरते. दोन वगळता आले, तर फायदा सरळ दिसू लागतो, प्रत्येक प्रश्नामागे सरासरी एक षष्ठांश गुण. शब्द पूर्ण येत नसला, पण त्याचा रंग निंदेचा आहे एवढे आठवले, तरी कौतुकाचे पर्याय बाद करता येतात. काहीही वगळता आले नाही, तर तो प्रश्न सोडून पुढे जावे, कारण साठ प्रश्नांना तीस मिनिटे म्हणजे प्रश्नामागे तीस सेकंद, आणि तिथे वेळ हीच खरी मर्यादा आहे.

वाचनाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरीही लिहिते. नॅगी आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी 1984 साली शालेय छापील इंग्रजीत सुमारे 88,500 शब्दकुटुंबे असल्याचा अंदाज मांडला होता. इतके कोणत्याही यादीत मावणार नाही. बाकीचे सारे वाचनातूनच येते. रोज अर्धा तास, मुलीला आवडणाऱ्या विषयावरचे, तिच्या पातळीहून किंचित वरचे काहीही चालेल. वाचताना प्रत्येक अडलेला शब्द शब्दकोशात पाहायला लावू नका, त्याने वाचनाचा रस आटतो. पानामागे एखादाच शब्द, जो पुन्हा भेटला आणि पुन्हा अडला, तो टिपून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशीच्या सात शब्दांत आधी त्याला जागा द्यावी. स्वतः गाठलेला शब्द यादीतल्या शब्दापेक्षा लवकर आपला होतो.

म्हणून तुमची यादी टाकून देऊ नका, तिचे काम बदला. दर महिन्याच्या शेवटी तिच्यातले कोणतेही 50 शब्द निवडावेत आणि मुलीने प्रत्येकापुढे खूण करावी: येतो, अंदाज आहे, माहीत नाही. 'अंदाज आहे' या रकान्यातले शब्द पुढच्या महिन्यात आधी घ्यावेत, कारण तिथे थोड्या श्रमात सर्वाधिक मिळते. 'माहीत नाही'चा रकाना लांब राहिला तर त्यासाठी तिला बोल लावू नये.

शेवटचे दोन आठवडे केवळ पेटी आणि दर तीन दिवसांनी घड्याळ लावून एक पूर्ण शाब्दिक विभाग. आदल्या दिवशी कार्डे बाहेर काढू नयेत. आणि आज रात्री, जेवणे झाल्यावर, मुलीला आजींजवळ बसवून मॅग्नॅनिमस म्हणजे काय ते त्यांना मराठीत सांगायला लावा. मोठ्या मनाची माणसे आजींनी नक्की पाहिली असतील, त्यांतील एखाद्याची गोष्ट मुलीने ऐकून घ्यावी आणि कार्डाच्या मागच्या बाजूला तेच वाक्य लिहावे.